आवाज पाह्यजे का हवा

बॉनेटवर तीन खोकी.
एकात शंकूसारखा लालभडक फिल्टर,
आडव्या ठेवलेल्या अनारासारखा.
दुसऱ्यात हातभर लांब पाइप,
ज्याने बंपरमागे वाकून बाहेरची थंड हवा आणायची असते.
तिसऱ्यात तेलात भिजवलेल्या सुती जाळीची चौकोनी पट्टी:
धुवा, वाळवा, तेल लावा, परत बसवा,
म्हणजे घरातल्या लोणच्याइतकीच निगा.

दुपारचे तीन. पारडीच्या नाक्यावर
डांबर चपलेला धरून ठेवतंय.
खुशाल गेडाम पान्यावरचा घाम पुसत विचारतो,
"ताई, आवाज पाह्यजे का हवा,
आधी ते सांगा."

मला दोन्ही हवं होतं.
एकोणीस वर्षं मी कळमन्यात काट्यावर बसते,
मिरचीच्या पोत्यांची वजनं लिहिते.
हमाल, अडते, ट्रक, काटासुद्धा,
सगळे माझ्यापेक्षा मोठ्याने बोलतात.
वाटलं, सिग्नल सुटताना एकदा तरी
आपल्या गाडीने घसा खाकरावा
आणि पुढच्याने आरशात बघावं.

खोक्यावर छापलंय: बारा टक्के जादा ताकद.
खुशाल ते वाचतो,
सोयऱ्याच्या पगाराचा आकडा ऐकावा तसा.
"हे मोजलं असन कुठंतरी वीस डिग्रीच्या खोलीत.
इथं बाहेरच सेहेचाळीस. पाइप आणन कुठून?
थंडच लागते तर पाइपाच्या तोंडाला वाळ्याची ताटी बांधा
अन् रोह्याले बसवा पाणी शिंपाले."
रोह्या, त्याचा पोऱ्या, खरंच वाकून बघतो
बंपरवर जागा आहे का.

शंकू तर इंजिनाच्या कुशीतच बसणार,
तिथली एकदा भाजून झालेली हवा
परत ओढत.
"आवाज मस्त येते पण त्याचा,
खोटं नाही बोलत. माह्या भाच्यानं लावला.
आता गाडी दिसाच्या आधीच पोलीस शिट्टी मारते."

मग म्हणाला, जुना तर पाहू.
चार क्लिपा, चौथी गंजलेली.
रोह्याने स्क्रूड्रायव्हर घालून झाकण उचकटलं
आणि खुशाल शिंकला.
मग रोह्या.
मग शेजारचा पंक्चरवाला, ज्याचा काहीच संबंध नव्हता.
मग मी,
जी मिरचीला शिंकणं कधीची विसरले होते.

कागदी फिल्टर, घडीघडीत लाल.
थोडी भिवापुरी असेल, थोडी आंध्राची,
दर हंगामात शेडच्या भिंतीला लावलेली गाडी
जे जे ओढत होती ते सगळं.
सर्व्हिसिंगला कुणीतरी नुसता आपटायचा
आणि परत बसवायचा, बिलात नवा लिहून.
खुशालने नाकाला फडकं लावलं, फिल्टर उलटा केला.

मागची बाजू कोरी.
एक एप्रिलच्या खतावणीसारखी.

इंजिनाला माहीतच नव्हतं
आपण मिरचीबाजारात राहतो.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
(खरं म्हणजे शिंकत होतो.)
"जाळी हवा जास्त सोडते," खुशाल म्हणाला,
"पण बारीक धूळही सोडते थोडी.
गावातल्या गाडीले चालते. तुमची तर..."
आणि लाल झालेलं बोट दाखवलं.

दोनशे चाळीस रुपये. कागदीच, तसाच, नवा.
तिन्ही खोकी दुकानात परत,
शंकूवरून मी एकदा हात फिरवला, हे कबूल.
जुना फिल्टर रोह्याने मागून घेतला,
कशाला ते मी विचारलं नाही.

पारडीच्या सिग्नलला हिरवा झाला.
काचा वर होत्या.
गाडी नेहमीसारखी, गुपचूप निघाली.
मीच घसा खाकरला,
चांगला मोठ्याने, दोनदा,
आणि तिसऱ्यांदा विनाकारण.